पाड्यावरची लिव्हर तपासणी: अक्राणीतल्या फेऱ्यांच्या नोंदी

काम असं: नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात, धडगावच्या आजूबाजूच्या पाड्यांवर जाऊन हिपॅटायटिस बी आणि सी शोधायचा, लिव्हर किती कडक झालंय याचा अंदाज घ्यायचा आणि जो सापडेल त्याला औषधापर्यंत पोचवायचं. माणसं पाच: डॉक्टर, लॅब टेक्निशियन, परिचारिका, पावरी बोलणारा कार्यकर्ता आणि गाडीचा चालक. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला, त्यातून सीची आणि बीची औषधं मोफत मिळतात. म्हणजे गोळीला पैसे लागत नाहीत. पैसे लागतात ते पाडा ते गोळी या मधल्या वाटेला, आणि या नोंदी त्या वाटेच्याच आहेत.

१२ ऑगस्ट. सामान

एका फेरीला ६० माणसं धरली. बीचं रॅपिड कार्ड, म्हणजे दवाखान्यात ज्याला ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात ते, ६६. सीचं कार्ड ६६. दहा टक्के जादा लागतातच, कारण थेंब कमी पडला की कार्ड वाया. बोटाला टोचायच्या लॅन्सेट ८०, जेलच्या पिवळ्या झाकणाच्या नळ्या २५, जांभळ्या झाकणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या २५. शिरेतलं रक्त सगळ्यांचं नाही घ्यायचं; कार्ड पॉझिटिव्ह आलेले, रोज दारू घेणारे, साखर असलेले आणि पोट सुटलेले, एवढ्यांचंच.

घाऊक घेतल्यावर बीचं कार्ड २२ रुपयांना पडलं, सीचं ४८ ला. जीप दिवसाला ३,८०० डिझेलसकट. आठ नळ्यांचा छोटा सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवून रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, वेगळा करणारं यंत्र) ७,८०० ला मिळत होता, तो घेतला नाही. धडगावला परत आल्यावर नळ्या फिरवू, असा विचार. ही बचत महागात पडली, पुढे येईल.

२० ऑगस्ट. आधी आपली लस

साहित्याची यादी झाल्यावर लक्षात आलं की टीममधल्या दोघांची बीची लस कधी झालीच नाही. चालकाला लस कशाला, असं वाटलं होतं. पण सुयांचा डबा गाडीत चढवतो तोच. मोठ्यांसाठी १ मिलीचे तीन डोस: आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत अँटिबॉडीची पातळी तपासायची, १० किंवा वर हवी. पहिला डोस झाल्याशिवाय कुणी फेरीला जायचं नाही असं ठरलं, त्यात नऊ दिवस गेले. हे काम सामानाच्या यादीच्या आधी करायचं.

आणखी एक: लस घेतल्यावर साधारण तीन आठवडे स्वतःची ऑस्ट्रेलिया अँटिजेनची तपासणी करू नका. लशीतलंच प्रथिन कार्डावर रेघ आणू शकतं. तपासणी आधी, लस नंतर.

३ सप्टेंबर. पहिली फेरी, निम्मी वाया

५७ माणसं आली. २२ जणांचं शिरेतलं रक्त घेतलं. घाटात दरड उतरलेली, जीप अडीच तास थांबली. धडगावला नळ्या फिरवल्या तेव्हा रक्त काढून सात तास झाले होते. २२ पैकी ९ नळ्यांतलं सीरम गुलाबी.

गुलाबी सीरम म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या. एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीत मोजायची दोन एन्झाइमं. तांबड्या पेशींच्या आत एसजीओटी भरपूर असतं, एसजीपीटी त्या मानानं फारच कमी. पेशी फुटल्या की एसजीओटी खोटं वर जातं, आणि लिव्हर किती कडक याचे आमचे दोन्ही हिशेब (पुढे येतील) त्याच्यावरच उभे. ते ९ रिपोर्ट रद्द. त्या ९ जणांकडे पुन्हा जायचं म्हणजे जीप, नळ्या आणि दिवस पकडून ५,००० च्या वर. सेंट्रिफ्यूज ७,८०० चा होता.

एकट्या घाटाला दोष देऊन चालणार नाही. रक्त काढतानाच्या चुका दुसऱ्या दिवशी शोधल्या:

स्पिरिटचा बोळा फिरवून लगेच सुई घातली. अर्धा मिनिट वाळू द्यायला हवं.

शीर सापडत नाही म्हणून २४ नंबरची बारीक सुई वापरली आणि सिरिंजनं जोरात ओढलं. मोठ्यांना २१ किंवा २२ नंबरची.

सिरिंजमधलं रक्त सुईतूनच दाबून नळीत सोडलं.

जांभळी नळी हलवली, तीही खोकल्याच्या औषधाची बाटली हलवतात तशी. ती आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करायची असते. न उलटल्यास प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि यंत्र त्या कमी मोजतं.

टेक्निशियननं जेलची एक नळी नीट वेगळी झाली नाही म्हणून दुसऱ्यांदा फिरवली. जेलची नळी एकदाच फिरवायची. दुसऱ्यांदा फिरवली की जेलखाली पेशींना टेकून राहिलेला द्रव वर येतो आणि मोजमाप बिघडतं.

११ सप्टेंबर. सेंट्रिफ्यूज पाड्यावर

घेतला. जीपच्या बॅटरीवर स्वस्त इन्व्हर्टर लावून चालवला तर मोटर घरघरली आणि तापली. प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो, तो आणखी ६,२०० ला. सेंट्रिफ्यूज जीपमध्ये ठेवून चालवायचा नाही. शाळेच्या ओट्यावर, सपाट जागी. समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या. एकच नळी असली तर समोर पाण्याची.

क्रम ठरला: रक्त काढलं, पिवळी नळी अर्धा तास उभी, मग ३,००० फेऱ्यांवर १० मिनिटं, मग बर्फाच्या डब्यात. जांभळी नळी फिरवायची नाही, बर्फालाही चिकटवायची नाही. ती सावलीत ठेवून त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयातल्या पेशी मोजायच्या यंत्रावर. व्हायरल लोडचं (रक्तात विषाणू किती आहे ते मोजायचं) रक्त चार तासांच्या आत वेगळं झालंच पाहिजे, हा आमचा नियम. त्या दिवशीच्या १९ नळ्यांत एक गुलाबी.

२४ सप्टेंबर. प्लेटलेट ‘१.२’

लिव्हर कडक झालंय का याचा पहिला अंदाज दोन स्वस्त हिशेबांनी येतो. एप्री: एसजीओटीला त्याच्या कमाल मर्यादेनं भागा, १०० नं गुणा, मग प्लेटलेटच्या हजारांनी भागा. फिब-४: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेटचे हजार गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ.

उदाहरण. वय ४५, एसजीओटी ८०, मर्यादा ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट एक लाख वीस हजार. एप्री: २०० भागिले १२० = १.६७. फिब-४: ३,६०० भागिले ९६० = ३.७५. दोन्ही वाईट.

आपल्याकडच्या रिपोर्टवर प्लेटलेट ‘१.२ लाख’ अशी येते. कुणीतरी मोबाइलच्या रकान्यात १.२ भरलं, एप्री आलं १६७. ते तरी डोळ्याला खटकलं. पण दुसऱ्यानं १,२०,००० भरलं, एप्री आलं ०.००१७ आणि त्या माणसाला ‘ठीक आहे’ सांगून घरी पाठवलं. ही चूक जास्त वाईट, कारण ती गप्प बसते. आता रकान्याला ‘हजारात लिहा’ असं मराठीत नाव दिलंय आणि २० ते ७०० च्या बाहेरचा आकडा तो घेतच नाही. मागचे सगळे रिपोर्ट पुन्हा तपासले, दीड दिवस.

पस्तिशीच्या आतल्यांना फिब-४ लावत नाही, तिथे ते भरवशाचं नाही. पासष्टीनंतर खालची मर्यादा (जिच्या खाली काळजी नाही) १.३ ऐवजी २ धरतो, नाहीतर प्रत्येक म्हातारा संशयित ठरतो.

१ ऑक्टोबर. पिवळे डोळे, पण लिव्हर नव्हे

सातपुड्यात हे विसरलं तर सगळं काम फसतं: इथे सिकलसेल आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी शरीरातच फुटतात, म्हणून एसजीओटी वर, बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) वर, डोळे पिवळे. टेक्निशियन कितीही नीट रक्त काढो, एप्री खोटं येणार. आम्ही तीन जणांना ‘लिव्हर संशयित’ यादीत टाकलं होतं, तिघांच्याही घरात सिकलसेलचं कार्ड निघालं.

आता नोंदणीच्या टेबलावर दुसराच प्रश्न: सिकलसेलचं कार्ड आहे का? नसेल आणि एसजीओटी एकटंच चढलेलं असेल, एसजीपीटी सरळ असेल, बिलिरुबिन मुख्यतः इनडायरेक्ट, म्हणजे पेशी फुटल्यावर वाढणारं, असेल, तर आधी सिकलसेलची तपासणी. उलटंही लक्षात ठेवायचं: सिकलसेलच्या माणसाला वारंवार रक्त चढवलेलं असतं, त्यामुळे त्याची बी-सीची कार्डं सगळ्यात आधी.

मलेरियाचंही तसंच. ताप असताना प्लेटलेट घसरतात, फिब-४ वर जातं. ताप असलेल्याचं लिव्हरचं गणित करायचंच नाही. मलेरियाची तपासणी करा, पंधरा दिवसांनी बोलवा.

१४ ते १६ ऑक्टोबर. फायब्रोस्कॅनचे तीन दिवस

लिव्हर किती कडक हे बाहेरूनच मोजणारं हे यंत्र तंत्रज्ञासकट भाड्यानं, दिवसाला ९,०००. एप्री-फिबमध्ये अडकलेल्या ४१ जणांना बोलावलं. पहिल्या दिवशी १४ पैकी ६ मापं फुकट गेली, कारण सगळे भाकरी खाऊन दोन तास चालत आले होते. जेवल्यावर लिव्हरकडे रक्त वाढतं आणि माप चढतं. किमान तीन तास पोट रिकामं हवं. एकाचं माप १०.२ किलोपास्कल आलं होतं, दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी ७.१.

‘उपाशी या’ हा निरोप चालत नाही. लांबून चालत येणारा माणूस उपाशी येत नाही आणि त्यानं येऊही नये. ज्यांचा पाडा दूर त्यांना सकाळी खाऊन यायला सांगितलं, आल्यावर तीन तास बसवलं, पाणी दिलं, तेवढ्यात बाकीच्या तपासण्या केल्या. माप झालं की तिथेच खिचडी. तीन दिवसांचा खिचडीचा खर्च २,३४०, आणि या प्रकल्पात सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा हाच असावा.

माप घेताना: पाठीवर झोपवून उजवा हात डोक्याखाली, प्रोब दोन बरगड्यांच्या मध्ये. इथली माणसं सडपातळ, बरगड्यांमधली फट अरुंद. हात आणखी ताणून कमरेतून किंचित डावीकडे वाकवलं की फट उघडते. दहा चांगली मापं, आणि त्यांची फाकणी मधल्या मापाच्या ३० टक्क्यांच्या आत. पोटात पाणी असेल तर हे यंत्र चालतच नाही; त्या माणसाला माप नको, थेट मोठा दवाखाना. नुकती कावीळ झालेली असेल तरी माप फुगतं.

१२.५ च्या वर गेलेले सिरॉसिस (लिव्हर पार कडक झालेलं) धरून तज्ज्ञांकडे. यंत्र आणताना प्रोबचं कॅलिब्रेशन कधी झालं याचा कागद आधी मागा. आम्ही तो तिसऱ्या दिवशी मागितला. मुदतीत होता, हे नशीब.

२२ ऑक्टोबर. वेगळा बाक

पॉझिटिव्ह आलेल्यांना रक्त काढायला वेगळ्या बाकावर बसवत होतो. दुपारपर्यंत अख्ख्या पाड्याला यादी पाठ. एका घरात सुनेचं ताट वेगळं केलं. बी आणि सी एका ताटात जेवल्यानं पसरत नाहीत, हे समजावायला दोन फेऱ्या आणि आशाताईंचे बरेच दिवस गेले.

बदल: सगळ्यांना सारखाच बंद लिफाफा, नावाऐवजी नंबर. साखरेसाठी रक्त द्यायचे आणि पॉझिटिव्ह एकाच रांगेत मिसळले.

कार्डाचीही चूक त्याच दिवशीची. ३० कार्डं एकदम मांडली, वाचता वाचता चाळीस मिनिटं झाली. १५ ते २० मिनिटांत वाचायचं. या वेळेत फिकी रेघ आली तरी पॉझिटिव्ह धरून रक्त पुढे पाठवायचं, नंतर उमटलेली रेघ मोजायची नाही. आता दहा-दहाची तुकडी, एका माणसाकडे फक्त घड्याळ. नियंत्रणाची रेघ आली नाही तर कार्ड बाद, मग दुसरी रेघ कितीही ठळक असो.

७ नोव्हेंबर. ऊसतोड

या नोंदींतला सगळ्यात मोठा फटका. सीचं कार्ड पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहेच असं नाही. विषाणू आपोआप गेलेला असू शकतो. व्हायरल लोड केल्याशिवाय औषध सुरू होत नाही. आमचे नमुने साचवून आठवड्यातून एकदा जात होते, रिपोर्ट यायला नऊ-दहा दिवस. तेवढ्यात दिवाळी आली आणि माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली. चार जणांचा लोड आला तेव्हा दोघं पाड्यावर होते.

टीबीसाठी गोव्यात बनलेली ट्रूनॅट यंत्रं आता बऱ्याच सरकारी दवाखान्यांत असतात. सीची वेगळी चिप घातली की त्याच यंत्रावर सीचा लोड होतो. चिप आणि वेळ मिळेल का, हे फेरीच्या आधी फोन करून ठरवायचं. आम्ही ते नंतर, डिसेंबरात शिकलो.

राहिलेल्या दोघांना आज औषध. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुवीर ४०० आणि डॅक्लाटासवीर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, १२ आठवडे. २८ गोळ्यांच्या तीन बाटल्या, ८४ दिवस. महिन्याला एक बाटली द्यायची पद्धत आहे, पण दोघंही चार दिवसांत ट्रकमध्ये चढणार होते. डॉक्टरांनी उपचार केंद्राशी बोलून तिन्ही बाटल्या एकदम मिळवल्या.

देण्याआधी विचारलेलं: आकडीची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू आहे का, टीबीची रिफाम्पिसिन चालू आहे का. यांच्यासोबत सोफोसबुवीर निकामी होतं. आणि बीचं कार्ड नक्की निगेटिव्ह आहे ना? सी बरा होता होता झोपलेला बी उठू शकतो.

बाटलीवरच्या लेबलवर कोरा कागद चिकटवला, कारण झोपडीत दहा माणसं राहतात. गोळी रात्रीच्या जेवणानंतर, म्हणजे विसरत नाही. रिकाम्या बाटल्या फेकायच्या नाहीत, परत आणायच्या. हीच आमची हजेरी. मुकादमाचा फोन घेतला, त्याला आजाराचं नाव सांगितलं नाही.

गेलेल्या दोघांपैकी एकाचा फोन लागतो. दुसऱ्याचा नाही.

१९ नोव्हेंबर. गोठलेली लस

बी पॉझिटिव्ह माणसाच्या घरच्यांची तपासणी करून निगेटिव्ह निघालेल्यांना लस देतो. आज २४ मात्रा फेकल्या. बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढून थेट डब्यात घातले आणि कुप्या त्यांना चिकटल्या. उन्हाची भीती सगळ्यांना असते, पण बीची लस गोठली की कायमची मेली. कुपीवरची खूण उष्णतेची साक्ष देते, गोठण्याची नाही. ती पांढरीच होती. कुपी हलवून ठेवल्यावर तळाशी झपाट्यानं गाळ बसला, तेव्हा कळलं.

पॅक बाहेर काढून वर पाणी सुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत बर्फ खुळखुळेपर्यंत थांबायचं. मग डब्यात.

ऊसतोडीमुळे दुसरा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात नको. परत आल्यावर दुसरा, त्यानंतर किमान आठ आठवड्यांनी तिसरा.

१८ डिसेंबर. मोहाची

दारूची मोजणी शहरी पेगमध्ये होत नाही. पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची यात फरक एवढा की मिलीवर गणित करणं फोल. आम्ही तीनच गोष्टी लिहितो: आठवड्यात किती दिवस, सकाळी उठल्यावर लागते का, न घेतल्यास हात थरथरतात का.

चूक आमची: सप्टेंबरात सगळ्यांना ‘आजपासून बंद’ सांगितलं. रोज सकाळपासून पिणाऱ्या एकानं खरंच बंद केली आणि दुसऱ्या रात्री त्याला आकडी आली. थरथर असणाऱ्याला घरी एकदम सोडायला सांगायचं नाही, दवाखान्यात दाखल करून सोडवायचं. तिथे सलाइनमधून साखर देण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), हे चिठ्ठीवर लिहून पाठवतो.

सणाला मोह लागतोच, देवालाही लागतो. ‘देवाची धार जमिनीवर, तुमची नको’ हे वाक्य आमचं नाही, एका म्हाताऱ्या कारभाऱ्याचं. आमच्या पोस्टरपेक्षा जास्त चालतं.

९ फेब्रुवारी. काविळीची माळ

पोटात पाणी झालेली बाई सहा आठवडे काविळीची माळ घालून होती. माळ लांबत गेली, म्हणजे कावीळ उतरतेय असा समज. हात धुतल्यावर पिवळं पाणीही निघालं, कारण पाण्यात चुना होता. भांडून उपयोग नाही. माळ देणाऱ्या दोघांना बोलावून पाच गोष्टी शिकवल्या, ज्या दिसल्या की माळ घाला, पण त्याच दिवशी पाठवा: रक्ताची उलटी, काळी शी, पोट फुगणं, बरळणं किंवा दिवसा झोप, आणि गरोदर बाईला कावीळ. शेवटची सगळ्यात तातडीची. हिपॅटायटिस ई शेवटच्या तिमाहीत बाईचा जीव घेऊ शकतो. मार्चअखेर दोघांनी मिळून तिघांना पाठवलं.

काविळीत तेल, हळद, डाळ बंद करायची रीत सगळीकडेच आहे. सिरॉसिसच्या माणसाला ती रीत घातक, त्याचे दंड आधीच वाळलेले. डाळ, अंडं चालू, मीठ कमी, झोपायच्या आधी काहीतरी खायचं.

१२ मार्च. गोंदण

होळीआधीचे भोंगऱ्या बाजार. गोंदणाऱ्यांच्या ओळी, एकच सुई अख्खा दिवस. बंद करा म्हटलं तर गोंदणारा पुढच्या बाजाराला जातो. प्रत्येकाला सुयांची पाकिटं, शाईसाठी बाटलीची छोटी झाकणं आणि सुया टाकायचा जाड डबा दिला. १,६५० रुपये. एकानं पाकिटं तशीच ठेवली, तिघांनी वापरली. शाई मात्र सगळे एकाच वाटीतून घेत होते, झाकणं द्यायचं कारण सांगायलाच विसरलो. पुढच्या वर्षी आधी दाखवायचं, मग द्यायचं.

६ मे. ऊन आणि परतलेल्या बाटल्या

जीपमध्ये ठेवलेली ४० कार्डं बाद. ती ३० अंशांपर्यंतच ठेवायची असतात, बंद गाडी दुपारी भट्टी होते. माठाशेजारी ओल्या गोणपाटात ठेवलेला डबा ठीक राहिला.

नोव्हेंबरात औषध घेतलेले दोघं परत आले. एकानं तिन्ही रिकाम्या बाटल्या आणल्या. त्याची शेवटची गोळी २९ जानेवारीची, १२ आठवडे एप्रिलमध्येच उलटले. लोड घेतला, विषाणू सापडला नाही. दुसऱ्याच्या तिसऱ्या बाटलीत ११ गोळ्या शिल्लक. मुकादमानं टोळी हलवली तेव्हा पिशवी मागे राहिली होती. त्याचाही लोड पाठवलाय, रिपोर्ट सोमवारी.

फोन न लागणाऱ्याचा पाडा नर्मदेच्या फुगवट्याच्या पलीकडे. त्याचे आईवडील म्हणतात, तो पाऊस लागला की येतो. बोटीची चौकशी केली, जूनच्या पहिल्या आठवड्यात जायचं. सोबत न्यायचं: नळ्या ४, सेंट्रिफ्यूज, घरच्यांसाठी कार्डं ८, आणि लोड आला तर लगेच देता याव्यात म्हणून तीन बाटल्यांची केंद्राकडे आधीच मागणी.